एका फेजच्या तीन फेज होतात का?

मुंबईत गाळा मिळणे कठीण, आणि मिळालेल्या गाळ्यात थ्री फेजचे मीटर असणे त्याहून कठीण. खेतवाडी-गिरगावच्या बोळांतील छापखाने, मदनपुऱ्यातील बॅगांचे कारखाने, लालबागचे मसाल्याचे डंक, परळच्या चाळींच्या तळमजल्यावरील लेथची दुकाने, या सर्वांची अडचण कमीअधिक एकच आहे. जुने मशीन बाजारात स्वस्तात मिळते. त्याचा सांगाडा भक्कम असतो, सौदाही चांगला होतो. पण त्यावरची मोटर थ्री फेजची असते आणि गाळ्यात वीज सिंगल फेजची. अशा वेळी कोणी तरी सल्ला देतो, "एक ट्रान्सफॉर्मर बसवा, सिंगलची थ्री होऊन जाईल." मग लोखंड आणि तांब्याची एक जड पेटी विकत घेतली जाते, मोटर घुं घुं करीत जागेवर उभी राहते, आणि चार-आठ दिवसांत ती रिवाइंडिंगवाल्याकडे पोहोचते. पेटीचे पैसे गेले, मोटरचे गेले आणि तेवढ्या दिवसांचे कामही गेले.

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी अनेकांना हा प्रश्न भेडसावतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहीत आहोत. उत्तर आधीच सांगून टाकतो. ट्रान्सफॉर्मर फेजची संख्या बदलतो, ही गोष्ट खरी आहे. तीनच्या दोन, दोनच्या तीन, तीनच्या सहा, तीनच्या बारा, हे सर्व तो करतो आणि शंभराहून अधिक वर्षे करीत आला आहे. फक्त एकाच्या तीन करणे त्याला जमत नाही. त्यात कारागिराच्या कौशल्याची कमतरता नसते. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने बनविलेला ट्रान्सफॉर्मरही ते करू शकत नाही.

शिलाई मशीनचे पायडल

पायाचे शिलाई मशीन ज्याने चालविले आहे त्याला फेज समजायला वेळ लागू नये. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर कितीही दाबा, चाक फिरत नाही. त्याला हाताने थोडी गती द्यावी लागते, मग ते चालते. सिंगल फेजचे असेच आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. एका आवर्तनात व्होल्टेज दोनदा शून्यावर येते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा त्या तारेत काहीही जोर नसतो. म्हणूनच पंख्याला आणि सिंगल फेजच्या मोटरला सुरू होण्यासाठी कंडेन्सर लागतो. तो नसेल तर पंखा हाताने फिरवून द्यावा लागतो, हे आपण पाहतोच.

थ्री फेजमध्ये असे तीन पायडल एकाच चाकाला एक-तृतीयांश फेऱ्याच्या अंतराने लावलेले असतात. एक वर असेल तेव्हा दुसरे जोरात असते. तिन्हींचा मिळून जोर क्षणभरही कमीजास्त होत नाही, आणि मोटर कोणाच्या धक्क्याशिवाय, ठरलेल्या दिशेने, आपोआप सुटते. कारखान्यात थ्री फेज मोटर आवडीची आहे ती यामुळेच. त्याच ताकदीच्या सिंगल फेज मोटरपेक्षा ती लहान, हलकी आणि टिकाऊ असते. कंडेन्सर किंवा आतला स्विच जळण्याची भीतीही तिच्यात नाही.

आता ट्रान्सफॉर्मरकडे वळू. त्यात पत्र्यांची चळत आणि तांब्याची वेटोळी यांशिवाय काही नसते. एका बाजूने या क्षणी जेवढी शक्ती आत येते तेवढीच, थोडी उष्णता वजा जाता, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. पॉवर प्रेसचे जड चाक लहान मोटरकडून थोडी थोडी ताकद घेऊन साठविते आणि ठोक्याच्या वेळी एकदम देते. ट्रान्सफॉर्मरमध्ये असे चाक नाही. सिंगल फेज ज्या क्षणी शून्यावर असते त्या क्षणी पलीकडे तिन्ही फेजचा मिळून पूर्ण जोर हवा असतो. तो येणार कोठून? साठा नसेल तर येऊच शकत नाही.

विणकराच्या भाषेत हेच वेगळ्या तऱ्हेने सांगता येईल. ताणा आणि बाणा दोन्ही असतील तर कापडावर हवी ती तिरपी रेघ काढता येते. थोडे उभे, थोडे आडवे मोजायचे एवढेच. नुसता ताणा असेल तर उभ्या रेघेवर पुढे-मागे होण्याशिवाय दुसरे काही होत नाही. सिंगल फेज हा नुसता ताणा आहे. वेटोळी वाढवा, कमी करा, उलटी जोडा, मिळते ती त्याच रेघेवरची लांब किंवा आखूड वीज. परंतु एकमेकींशी तिरप्या असलेल्या दोन फेज हाती असतील तर त्या दोहोंच्या मिश्रणातून तिसरी, चौथी, सहावी, हवी ती फेज ट्रान्सफॉर्मर काढून देतो.

स्कॉटची जोडणी

दोनच्या तीन करण्याची ही युक्ती वेस्टिंगहाऊस कंपनीतील अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स स्कॉट यांनी १८९४ मध्ये मांडली. त्या काळी दोन फेजचा कारभार ठिकठिकाणी होता. नायगारा धबधब्यावरील पहिल्या मोठ्या वीजघरातील जनित्रे दोन फेजचीच होती. १८९६ मध्ये तेथून बफेलो शहरास वीज न्यायची वेळ आली तेव्हा लांबच्या पल्ल्यासाठी तीन फेज बऱ्या, कारण तांबे कमी लागते. जनित्रे बदलणे परवडणारे नव्हते. तेव्हा स्कॉट यांच्या जोडणीचे ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून दोनच्या तीन करण्यात आल्या.

आमच्या वाइंडिंगवाल्या बांधवांसाठी तिचे गणित येथे देतो, कारण ते फार सुबक आहे. दोन वेगवेगळे ट्रान्सफॉर्मर घ्यायचे. पहिल्याच्या थ्री फेज बाजूच्या वेटोळ्याला बरोबर मध्यावर टॅप काढायचा. दुसऱ्याच्या त्याच बाजूला पहिल्याच्या ८६.६ टक्के फेरे द्यायचे आणि त्याचे एक टोक त्या मधल्या टॅपला जोडायचे. पहिल्याची दोन टोके आणि दुसऱ्याचे मोकळे टोक या झाल्या तीन फेजच्या तारा. पलीकडच्या बाजूला दोन्हींना सारखेच फेरे असतात, आणि तेथे एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन फेज मिळतात. ८६.६ हा आकडा कोठून आला? समभुज त्रिकोणाची बाजू १०० असेल तर त्याची उंची ८६.६ भरते. तीन फेज म्हणजे त्रिकोणाची तीन टोके. पहिला ट्रान्सफॉर्मर हा त्याचा पाया आणि दुसरा ही उंची. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर दुसऱ्या वेटोळ्यावर सुमारे ३५९ व्होल्ट येतात. ही जोडणी दोन्ही दिशांनी चालते. आजही तीन फेजमधून दोन मोठ्या सिंगल फेज भट्ट्या चालवायच्या असतील तर ती वापरतात. दोन्ही भट्ट्यांवर भार सारखा असला की तिन्ही तारांवरही तो सारखा पडतो.

तीनच्या सहा करणे याहून सोपे आहे. पलीकडच्या बाजूला प्रत्येक फेजसाठी दोन वेटोळी ठेवायची, एक संच सरळ आणि दुसरा उलटा जोडायचा. बारा हव्या असतील तर एक संच स्टारमध्ये आणि एक डेल्टामध्ये; त्यामुळे दोन संचांत ३० अंशांचा फरक पडतो, आणि रेक्टिफायरमधून निघणाऱ्या डी.सी.ला एका आवर्तनात बारा ठोके मिळतात.

इतक्या फेजचा उपयोग काय, असे कोणी विचारील. निकेल-क्रोमचे काम करणाऱ्या बांधवांना तो रोजच दिसतो. प्लेटिंगच्या टाकीला डी.सी. लागते. सिंगल फेजच्या ब्रिज रेक्टिफायरमधून निघालेल्या डी.सी.त सुमारे ४८ टक्के लहर राहते, थ्री फेजच्या ब्रिजमध्ये ती ४ टक्क्यांच्या आसपास येते आणि बारा ठोक्यांच्या रेक्टिफायरमध्ये जेमतेम १ टक्का उरते. क्रोमच्या टाकीला ५ टक्क्यांहून अधिक लहर सोसत नाही, मालावर मळकटपणा येतो. सिंगल फेजवर क्रोम करून "केमिकलच खराब आले" म्हणणाऱ्यांनी टाकीआधी रेक्टिफायर तपासावा.

मुंबईच्या तारांवर

या शहराचा विजेचा इतिहास हाच मुळी फेज बदलण्याचा इतिहास आहे. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. तिला डी.सी. लागत असे. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राची वीज १९१५ पासून परळ-लालबागच्या गिरण्यांकडे येऊ लागली. ती तीन फेजची होती, आणि गिरण्यांच्या मोटरी सरळ तिच्यावर चालत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची रेल्वेगाडी धावली, ती १५०० व्होल्ट डी.सी.वर. तीन फेजची ए.सी. घेऊन तिची डी.सी. करणे, एवढ्यासाठीच अशा मार्गांवर सबस्टेशने असतात. तेथे ट्रान्सफॉर्मर तीनच्या सहा, पुढे बारा फेज करून रेक्टिफायरला देतो, म्हणजे डी.सी. गुळगुळीत होते. गाडीत बसणाऱ्याला याची गंधवार्ताही नसते.

मग रेल्वेने ही डी.सी. काढून टाकायचे ठरविले. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पुरे झाले. आता दादर-परळच्या रुळांवरची तार २५,००० व्होल्टची आणि सिंगल फेजची आहे. वर एकच तार आणि परतीला रूळ, तेव्हा ती सिंगल फेजचीच असणार. दुसऱ्या बाजूस सीमेन्सची विद्युत सामग्री असलेल्या ज्या लोकल गाड्या २००७ पासून येथे धावू लागल्या, त्यांच्या चाकांवरच्या मोटरी थ्री फेजच्या आहेत. म्हणजे लोकलचीही अडचण मदनपुऱ्यातल्या गाळेवाल्याचीच झाली: तार सिंगल, मोटर थ्री.

रेल्वेने ट्रान्सफॉर्मर बसविला आहे, पण तो फक्त व्होल्टेज उतरविण्यासाठी. पुढे ती वीज डी.सी. केली जाते, मोठ्या कपॅसिटरांत साठविली जाते, आणि तेथून इलेक्ट्रॉनिक इन्व्हर्टर तीन फेज तयार करतो. प्रेसच्या जड चाकाचे काम येथे कपॅसिटर करतात. त्याआधीच्या ए.सी. इंजिनांत पंखे, पंप आणि कॉम्प्रेसरच्या थ्री फेज मोटरींसाठी आर्नो कन्व्हर्टर नावाचे एक फिरते यंत्र असे. ते सिंगल फेजवर फिरायचे आणि तिसरी फेज तयार करून द्यायचे. तेथे साठा प्रत्यक्ष फिरत्या लोखंडातच होता. रेल्वेसारख्या खात्याने यंत्र फिरविले, इलेक्ट्रॉनिक्स वापरले, पण नुसत्या ट्रान्सफॉर्मरने काम भागविता आले नाही. तेव्हा गल्लीतला विक्रेता ते पेटीत भागवून देतो म्हणाला, तर झाकण उघडून दाखवायला सांगावे. मालातला ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगणे हे विकणाऱ्याचे काम. पण विचारून घेणे हे घेणाऱ्याचेही आहे.

पेटीची परीक्षा

विक्रेता बहुधा पेटीला तीन बल्ब लावून दाखवितो. तिन्ही लख्ख पेटतात आणि गिऱ्हाईक खूश होते. एका फेजवरून तीन वेगळी वेटोळी काढली तर तीन बल्ब पेटणारच, त्यात नवल नाही. ते तिन्ही एकाच वेळी चढतात आणि एकाच वेळी उतरतात, एवढेच डोळ्यांना दिसत नाही. खरी परीक्षा मीटरने होते. लायसन असलेल्या वायरमनकडून पेटीच्या तीन तारांपैकी दोन-दोनच्या तिन्ही जोड्यांचे व्होल्टेज मोजून घ्यावे. तीन फेज खऱ्या असतील तर तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात, आणि न्यूट्रल असेल तर त्याच्याशी मोजलेल्या आकड्याच्या १.७३ पट, म्हणजे २३० ला सुमारे ४००. पेटी आत सिंगलच असेल तर मोठ्यात मोठा आकडा उरलेल्या दोहोंच्या बेरजेइतका निघतो: २३०, २३० आणि ४६०, किंवा ०, ४६० आणि ४६०. ही खूण नुसत्या लोखंड-तांब्याच्या कोणत्याही पेटीला लागू आहे. मोटर चालू करून, तिच्यावर भार टाकून पुन्हा मोजावे. बिनभाराचे आकडे फसवे असतात. व्होल्टेजमध्ये १ टक्का तफावत असली तरी मोटरच्या करंटमध्ये ६ ते १० टक्के तफावत होते, आणि मोटर तापते ती करंटने.

मग गाळेवाल्याने काय करावे?

सर्वांत चांगला उपाय थ्री फेजचे मीटर घेणे हाच. कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंत आपला पुरवठा बेस्टचा आहे. तिच्या विभागीय ग्राहक कार्यालयात किती अश्वशक्तीसाठी काय कागद लागतात हे विचारून यावे. वायरमनच्या तोंडी ऐकलेल्या गोष्टींवर "मिळणार नाही" असे समजून बसणारे आम्ही बरेच पाहिले आहेत. खरी अडचण अनेकदा जागेच्या मालकाची संमती किंवा इमारतीतल्या जुन्या केबलची असते. ती सुटेपर्यंत, किंवा सुटतच नसेल तर, पुढील मार्ग आहेत.

मोटर १-२ अश्वशक्तीचीच असेल तर तीच बदलून सिंगल फेजची बसविणे हा सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग होय. जुनी थ्री फेज मोटर विकून थोडे पैसेही हाती येतात.

कंडेन्सरवर थ्री फेज मोटर चालविणे हा जुना देशी उपाय आहे. दोन तारा सिंगल फेजच्या आणि तिसरी कंडेन्सरमधून. २३० व्होल्टला जोडलेल्या मोटरसाठी एका किलोवॅटला सुमारे ७० मायक्रोफॅरड, म्हणजे १ अश्वशक्तीला ५० च्या आसपास, हा ठोकताळा आहे. कंडेन्सर कायम चालणाऱ्या जातीचा आणि निदान ४०० व्होल्ट ए.सी.चा असावा. पण मोटर आपल्या ताकदीच्या दोन-तृतीयांशाच्या वर काम देत नाही, आणि सुटतानाचा जोर निम्म्याहूनही कमी असतो. रिकाम्या सुटणाऱ्या लहान लेथला किंवा पॉलिशच्या चाकाला हे चालेल. मिरचीने भरलेला डंक किंवा हवा भरलेला कॉम्प्रेसर यावर सुटणार नाही. खेड्यांत तीन फेज बंद असताना शेतकरी असे कंडेन्सर लावून पंप चालवीत, आणि गावचा ट्रान्सफॉर्मर आणि पंप दोन्ही जळत, हे ज्यांचे गाव आहे त्यांना सांगायला नको.

एकाच गाळ्यात दोन-चार मशीन असतील तर फिरता कन्व्हर्टर बरा. त्याची कल्पना आर्नोचीच. चालत्या थ्री फेज मोटरची एक फेज गेली तरी ती थांबत नाही, हा आपला रोजचा अनुभव. ती त्या वेळी हरवलेली फेज स्वतःच थोडीफार तयार करीत असते. तेव्हा एक मोठी रिकामी मोटर, सर्वांत मोठ्या मशीनच्या निदान दीडपट ताकदीची, सिंगल फेजवर फिरती ठेवायची आणि तिच्या तिसऱ्या तारेवरून बाकीच्यांना तिसरी फेज द्यायची. तिचा आवाज दिवसभर चालतो, बिल थोडे वाढते, आणि कंडेन्सर लावून तिन्ही व्होल्टेज जमवून घ्यावी लागतात. जाणता मिस्त्री असेल तरच या वाटेला जावे.

आजच्या घडीला बहुतेकांना सोयीचा मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. लोकलच्या पोटात जे आहे त्याचीच ही लहान आवृत्ती. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, सुरुवात मऊ, आणि वेग कमीजास्त करण्याची सोय वर फुकट. येथे एका गोष्टीत बहुतेक जण चुकतात. २३० व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह बाहेरही २३० व्होल्टच देतो, तर मोटर ४१५ ची असते. आपल्याकडे साधारण २ अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी स्टारमध्ये ४१५ ला जोडलेल्या येतात. त्यांच्या डब्यातील पट्ट्या फिरवून त्या डेल्टामध्ये जोडल्या की २३०-२४० व्होल्टच्या होतात आणि ड्राइव्हवर पूर्ण काम देतात. सहा टोके डब्यात बाहेर काढलेली हवीत, आणि आधी नेमप्लेट वाचावी. ३ अश्वशक्तीच्या वरच्या मोटरी बहुधा मुळातच डेल्टामध्ये ४१५ च्या असतात. त्या २३० च्या ड्राइव्हवर सुमारे २८ सायकलपर्यंत, म्हणजे निम्म्याच्या जरा वरच्या वेगापर्यंत, पूर्ण जोर देतात. पुढे जोर घसरत जाऊन पूर्ण वेगाला एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो.

अशा मोटरसाठी मात्र ट्रान्सफॉर्मर खरोखर कामाला येतो. सिंगल फेजचे २३० व्होल्ट त्याने ४१५ करायचे, आणि ते ४१५ चा ड्राइव्ह घेऊन त्याला द्यायचे. ड्राइव्ह मोटरच्या सुमारे दुप्पट ताकदीचा घ्यावा लागतो, कारण त्याच्या आतल्या तीन फेजच्या रेक्टिफायरचा सगळा भार दोनच तारांवर येतो. काही ड्राइव्ह एक फेज नाही हे ओळखून बंद पडतात, म्हणून घेताना दुकानदाराकडून "सिंगल फेजवर चालेल" असे बिलावर लिहून घ्यावे. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कंडेन्सर मुळीच लावू नये. मोटर फार कमी वेगाने तासन् तास चालविली तर तिचा स्वतःचा पंखा पुरा पडत नाही, हेही लक्षात असावे.

एका चालीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. जुन्या चाळींत शेजारच्या दोन गाळ्यांच्या फेज वेगवेगळ्या असतात, तेव्हा शेजाऱ्याच्या मीटरवरून एक तार ओढून काम भागविले जाते. दोन फेज आणि न्यूट्रल हाती असतील तर दोन ट्रान्सफॉर्मरनी तिसरी फेज खरोखर तयार होते. ताणा-बाणा दोन्ही असल्यामुळे ते जमते. पण न्यूट्रलवर फेजच्या १.७३ पट करंट येतो, आणि चाळीचा न्यूट्रल आधीच अर्धा वितळलेला असतो. तो सुटला की शेजाऱ्यांचे फ्रिज-टीव्ही ४०० व्होल्टपर्यंत जातात. शिवाय दुसऱ्याच्या मीटरवरची वीज वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याखाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचा भुर्दंड मीटर ज्याच्या नावावर त्याच्या दारी जातो.

वेल्डिंगवाल्या बांधवांची अडचण नेमकी उलट आहे. त्यांच्याकडे थ्री फेज असते आणि ४१५ व्होल्टचे वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर मशीन फक्त दोन तारांवर चालते. मग आजूबाजूचे दिवे प्रत्येक टाक्याला डोळे मिचकावतात. एका सिंगल फेज मशीनचा भार तिन्ही तारांवर सारखा वाटून देणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो असे सांगणारेही भेटतात. तोही नसतो, आणि कारण तेच, उलट्या बाजूने. रेल्वेलाही हे जमत नाही. तिची सबस्टेशने तीनपैकी दोन-दोन फेज आळीपाळीने घेतात आणि दोन भागांच्या मध्ये तारेचा एक निर्वीज तुकडा ठेवतात. वेल्डिंगच्या दुकानात तीन मशीन असतील तर हीच रीत वापरावी: पहिले लाल-पिवळ्या तारेवर, दुसरे पिवळ्या-निळ्यावर, तिसरे निळ्या-लालवर. मशीन एकच असेल तर आतून थ्री फेज घेणारा इन्व्हर्टर वेल्डिंग सेट घेणे परवडते. त्यात डी.सी.चा साठा असतो, भार तिन्ही तारांवर पडतो, आणि त्याचे वजन जुन्या मशीनच्या मानाने इतके कमी की बांधकामावर एकटा माणूस तो खांद्यावर टाकून नेतो.